थार उचलायचीये? आधी कंट्रोल आर्म समजून घ्या

बोरिवलीहून अंधेरीला वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने जाताना हल्ली एखादी तरी उचललेली थार दिसतेच. रील्समध्ये लिफ्ट किट म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. गाडी वर, जाड टायर, म्युझिक, संपलं. मुलुंडच्या माझ्या मामेभावाने तेच केलं, दोन इंचांचा लिफ्ट. आठवड्याभरात त्याचा फोन: "ऐंशीला स्टिअरिंग हातात राहत नाही रे, सारखं इकडे-तिकडे पळतं. तू इंजिनिअर ना, बघ जरा."

मी सॉफ्टवेअरवाला, पण हा बग ओळखीचा निघाला. एक व्हॅल्यू बदलली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या तशाच ठेवल्या.

उंची वाढली की काय बिघडतं?

२०२० च्या थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी चॅसीला जोडलेलं. स्प्रिंग आणि शॉक खालच्या आर्मवर टेकतात. शॉक आर्मच्या मधोमध टेकला असेल, तर त्याच्या डोक्यावरचा २५ मिमीचा स्पेसर चाकाशी जवळपास ५० मिमी उंची देतो. स्वस्तातला लिफ्ट हाच.

आता गणित बघा. समजा आर्म ३०० मिमीचा आणि आडवा आहे. ५० मिमी लिफ्टनंतर तो साडेनऊ अंशांनी खाली झुकतो. गाडी जागेवर उभी असतानाच आर्म खाली लटकलेला, म्हणजे खड्ड्यात चाकाला आणखी खाली जायला जागा कमी उरते. वरचा बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेजवळ पोहोचतो. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून सीव्ही जॉइंट आणि त्याच्या रबरी बूटवर ताण येतो. आणि कॅस्टर बहुतेक वेळा कमी होतो.

कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन. सायकलचा हात सोडला तरी ती सरळ जाते, त्यात या कोनाचा वाटा असतो. तो कमी झाला की स्टिअरिंग हलकं होतं आणि गाडी भरकटते. भावाची तक्रार नेमकी हीच होती. गॅरेजवाल्याने अलाइनमेंट करून दिलं होतं, पण फक्त टो जुळवला होता.

मग आर्म कोणता?

साधारण २५ मिमीपर्यंतच्या लिफ्टला मूळ आर्म आणि नीट अलाइनमेंट बहुधा पुरतं. ५० मिमीच्या आसपास गेलात, तर लिफ्टसाठी बनवलेला वरचा आर्म चैन म्हणून नाही, गरज म्हणून लागतो. त्यात बॉल जॉइंट थोडा मागे सरकवलेला असतो, त्यामुळे कॅस्टर परत मिळतो. जॉइंटची बैठकही नव्या कोनासाठी बदललेली असते. निवडताना रंग बघू नका, या गोष्टी विचारा:

– बॉल जॉइंट वेगळा बदलता येतो का? नाहीतर उद्या अख्खा आर्म टाकावा लागेल.
– बुश कसले? रोजच्या वापराला रबर बरं, ते शांत असतं. पॉलियुरेथेन कडक, ग्रीस न मिळाल्यास कुरकुरतं. उघडे मेटल जॉइंट ऑफरोडला भारी, पण आपल्या पावसात, चिखलात लवकर झिजतात.
– वेल्डिंग आणि गंजरोधक कोटिंग कसं आहे? खाऱ्या हवेत हे महत्त्वाचं.

एक लक्षात ठेवा: वरचा आर्म सीव्ही जॉइंटचा कोन सुधारत नाही. तो प्रश्न उरतोच. आणि जिम्नी असेल तर हिशोबच वेगळा. तिला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आहे. लिफ्ट केला की पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला सरकवतो, म्हणून तिथे अ‍ॅडजस्टेबल रॉड आणि कॅस्टर सुधारणारे बुश लागतात.

कायदा आणि कॅमेरा

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो. 'सगळेच करतात' हे तिथे चालत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या वरच्या व्हेरियंटमध्ये लेव्हल २ अ‍ॅडासही आहे. त्याचा कॅमेरा ठरलेल्या उंचीवरून रस्ता बघायला कॅलिब्रेट केलेला असतो. गाडी उचलली की कॅमेऱ्याची नजरही बदलते.

फोन काढा

गाडी घेतल्यावर लगेच अलाइनमेंट करून प्रिंटआउटचा फोटो ठेवा: कॅस्टर, कॅम्बर, टो. सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून समोरून दोन्ही आर्मचा फोटोही घ्या. पुढे कधी काही बदललं, तर तुलनेला हाच बॅकअप. 'सेटिंग केलंय' एवढ्यावर गाडी बाहेर काढू नका, कॅस्टरचा आकडा मागा.

भावाने शेवटी स्पेसर काढले. मूळ थारला २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स आहे आणि त्याची गाडी रोज मुलुंड ते घाटकोपर जाते. मागच्या सीटवर मामी असते. स्टिअरिंग आता सरळ राहतं. रीलला लाइक्स मात्र कमी येतात.