आधी वापरलेलं पाणी साफ करा, मग जमीन मागा

भीमा आपल्या डोंगरातली. भीमाशंकरच्या रानात ती ओंजळीने पिता येते. तीच भीमा खाली इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला पोचते तेव्हा हिरवी, वास मारणारी, वर जलपर्णीचा थर. मधल्या वाटेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून तिच्यात येतं.

बारामती-इंदापूरच्या नीराकाठी तऱ्हा वेगळी. तिथे साखर कारखाने आणि स्पिरिटचे प्रकल्प. १ लिटर स्पिरिटमागे १०-१२ लिटर काळपट पाणी उरतं. असलं पाणी नदीत उतरलं की मासे मरून वर येतात. विषानेच मरतात असं नाही. पाण्यातले जंतू ती घाण खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. माशांना उरत नाही. नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेलाच मिळते.

हेच जंतू नदीऐवजी टाकीत पाळले, खालून हवा सोडली, तर घाण टाकीतच संपते. ही रीत १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला निघाली. म्हणजे नवी विद्या नाही.

पण एवढ्याने काम अर्धंच होतं. लघवीतलं नत्र मागे राहतं. युरिया टाकल्यावर भात जसं तरारतं, तशी नत्राने धरणात जलपर्णी नि शेवाळ माजतं. ते काढायला आणखी दोन जातींचे जंतू लागतात. पहिले हवेच्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट करतात. हे फार सावकाश वाढतात, हवा कमी पडली की यांचंच काम आधी थांबतं. मग ते पाणी बिनहवेच्या टाकीत फिरवायचं. तिथले जंतू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. त्यांना खायला लागते ती सांडपाण्यातलीच घाण. फुकटचे मजूर आहेत हे, पण हवेचं यंत्र रात्रंदिवस चालवावं लागतं. त्याला वीज लागते. टाकी बांधून बटण बंद ठेवलं तर वाचलेलं बिल खालची गावं भरतात, आजारपणात.

आपला संबंध काय, असं कोणी विचारेल. डिंभ्याला घोड नदी अडवली तेव्हा आंबेगावच्या आदिवासींच्या जमिनी गेल्या. खालच्या लोकांना पाणी पाहिजे म्हणून गेल्या. उजनीत इंदापूरची गावंही बुडाली. पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर दिसतं. त्यांनी जमीन दिली आणि त्यांच्याच दारात शहराची घाण आली. त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

भांडण आहे ते एकदा वापरलेलं पाणी नासवून पुन्हा डोंगराकडे बोट दाखवणाऱ्यांशी. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. भूसंपादनाआधी ग्रामसभेला विचारायचं, हे १९९६ च्या पेसात लिहिलंय. तेव्हा नव्या धरणाचा सर्व्हे करायला कोणी आलं तर आधी विचारा: शहराचं किती पाणी साफ होऊन परत वापरात येतं? नत्र काढता का? उत्तर लेखी मागा, ग्रामसभेच्या वहीत ठराव घ्या आणि त्याची नक्कल पुढच्या बैठकीला घेऊन या.