म्हणे तिसरीत बीजगणित!

"पाढे येत नाहीत धड, आणि चालले बीजगणित शिकवायला!" प्राथमिक वर्गांत अज्ञात संख्या आणावी असं कोणी सुचवलं की शिक्षकांच्या खोलीत आणि घरोघरी हेच ऐकू येतं. बऱ्हाणपूरसारख्या गावात, जिथे घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशी कसरत कित्येक मुलं आधीच करतात, तिथे या आक्षेपाला आणखी धार येते. तो घेणारे काही मुलांचे वैरी नव्हेत. सातवी-आठवीत 'क्ष' दिसताच गणिताशी कायमचा काडीमोड घेणारी मुलं त्यांनी पाहिलेली असतात. ते संकट चार वर्षं अलीकडे कशाला ओढायचं, असं त्यांचं म्हणणं. पण त्या मुलांना क्ष नडत नाही. त्याच्याआधी पाच-सहा वर्षं आपण जे शिकवलं, ते नडतं.

तिसरी-चौथीतल्या कुठल्याही मुलापुढे पाटीवर हे लिहून पाहा: ८ + ४ = □ + ५. बहुतेक जण चौकटीत १२ लिहून मोकळे होतील. काही चलाख मुलं उरलेले ५ सुद्धा मिळवून १७ करतील. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच उदाहरण घातलं होतं. ७ हे उत्तर एकालाही आलं नाही. ही मुलं बेरजेत कच्ची नव्हती. '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' हा हुकूम, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. का बसणार नाही? पहिलीपासून प्रत्येक गणितात डावीकडे काम आणि उजवीकडे उत्तर. पुढे अचानक २क्ष + ३ = क्ष + ८ येतं, दोन्हीकडे काम दिसतं आणि उत्तर कुठेच नाही. मग आपण 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा मंत्र हातात देतो आणि पास करून घेतो. तेव्हा 'थांबू या, घाई काय' हा पवित्रा वाटतो तितका निरुपद्रवी नाही. थांबण्याच्या काळात चुकीची सवय मुरत असते.

दुसरा आक्षेप पढीक आहे. पियाजेचा हवाला देऊन सांगितलं जातं की अमूर्त विचार अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो. मग 'पाच' ही संख्या कुठे मूर्त आहे? पाच चिंचोके दिसतात, पाच बोटं दिसतात. नुसते पाच कोणी पाहिलेत? ते अमूर्त पहिलीत चालतं, तर 'किती ते अजून ठाऊक नाही' हे तिसरीत का चालू नये? सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दाविदोव यांनी तर पहिलीच्या मुलांना लांबी, वजन, आकारमान यांची तुलना अक्षरांनी मांडायला लावली, तीही संख्यांच्या आधी. आपल्या खच्चून भरलेल्या वर्गांत इतकं टोक गाठावं असं मी म्हणणार नाही. पण वय आडवं येतं, हा मुद्दा तेवढ्यानं निकालात निघतो. आणि पुस्तकं काय सांगतात? महाराष्ट्राच्या पाचवीच्या पुस्तकात 'बीजगणिताची पूर्वतयारी' हे प्रकरण वर्षानुवर्षं आहे. एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकांत अक्षरसंख्या सातवीत येतात. म्हणजे रावेरचं पोर अक्षराला पाचवीत भेटणार, आणि एनसीईआरटीची पुस्तकं लावणाऱ्या बऱ्हाणपुरी शाळेतलं सातवीत. मधे राज्याची सीमा आहे, मेंदूची नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो घरचा आहे: भास्कराचार्यांनीही आधी 'लीलावती' रचली आणि मग 'बीजगणित'. खरं आहे. पण लीलावती उघडून पाहावी. अमुक हिस्सा इकडे गेला, तमुक तिकडे गेला, इतके उरले, तर मुळात किती होते, अशी कोडी तिथे पानोपानी आहेत. शेवटाकडून उलट चालत मूळ गाठण्याचा विलोमविधी तिथे आहे, आणि इष्टकर्मही आहे. एका रकमेचा निम्मा आणि पाव मिळून ३० होतात; समजा रक्कम ४, तर ३ आले; हवे होते त्याच्या दहापट, म्हणून रक्कम ४०. अज्ञात पुरतं हजर आहे, फक्त त्याला चिन्ह नाही. चिन्ह पुढच्या ग्रंथात येतं. पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्', पुढच्यांना कालक, नीलक, पीतक असे रंग. 'आधी अंकगणित' म्हणणाऱ्यांनी भास्कराचार्यांचा दाखला जरूर द्यावा. तो माझ्याच बाजूनं पडतो.

बऱ्हाणपूरला हा वारसा परका नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणजे याच खानदेशात. लीलावतीचं फारसी भाषांतर १५८७ मध्ये करणारा फैजी चारच वर्षांनी अकबराचा वकील म्हणून राजा अली खान फारूकीकडे याच शहरात आला होता. त्याच १५९१ साली तिकडे फ्रान्समध्ये व्हिएतनं ज्ञात आणि अज्ञात राशींना अक्षरं देणारा आपला ग्रंथ छापला. आणि १६३१ मध्ये मुमताज महल इथे वारली, तिच्यासाठी ताज उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीच्या मुलानं, अताउल्ला रुश्दीनं, पुढच्या तीन-चार वर्षांत भास्कराचार्यांचं 'बीजगणित' फारसीत नेलं. शाही हमाम दाखवताना हे कोणी सांगत नाही, ते असो.

मग करायचं काय? काड्यापेटीची रिकामी डबी घ्या, आत काही चिंचोके घालून बंद करा. मुलाला म्हणा, मनात एक संख्या धर, ती या डबीत आहे. दुप्पट कर: पाटावर दोन सारख्या डब्या आल्या. दहा मिळव: शेजारी दहा सुटे चिंचोके. निम्मं कर: एक डबी आणि पाच चिंचोके राहिले. मूळ संख्या काढून घे: डबी उचलली. उरले पाच. संख्या कोणतीही धरा, पाचच. मुलं आधी ही जादू समजतात, मग चारदा वेगवेगळ्या संख्या धरून पाहतात, आणि कधीतरी एखादं म्हणतं, "डबी उघडायचीच नाही, तरी पाचच!" हे विधान सर्व संख्यांबद्दलचं आहे, सिद्धतेसह आहे, आणि त्यात एकही अक्षर नाही. दुसरं अज्ञात हवं असेल तर दुसरी डबी निळी रंगवा. आचार्यांची हरकत नसावी.

अक्षर येईल तेव्हा मात्र सांभाळा. केळीच्या या मुलखात 'क म्हणजे केळी' असं सांगायचा मोह फार. ते साफ चूक आहे. ३क म्हणजे तीन केळी नव्हेत. क ही संख्या आहे. प्रत्येक घडाला क फण्या धरल्या तर तीन घडांच्या फण्या ३क. एका बागेत घडाला आठ फण्या निघतील, दुसरीत दहा. क बदलेल, ३क हे नातं बदलणार नाही. केळीच्या बागेत वाढलेल्या पोराला हे समजावायला फळ्याचीही गरज नाही.

राहिले शिकवणीवाले. तिसरीच्या मुलाकडून क्षची शंभर समीकरणं घोकून घेणाऱ्या जाहिराती आता गल्लोगल्ली लागतात, आणि त्यांच्याविरुद्ध मी आक्षेपकांच्याच शेजारी उभा आहे. तिथे अज्ञाताचा विचार होत नाही, फक्त चिन्हाची कवायत होते. पाढ्यांबद्दलही माझं भांडण नाही. पावकी-निमकी येणारं मूल डबीचा खेळ लवकर जिंकतं.

शिक्षकांना एवढंच मागणं आहे. उद्याच्या तासाला दहापैकी चार गणितं उलटी लिहा: १२ = ७ + □, आणि ६ + ९ = □ + ८. याला नवं पुस्तक लागत नाही, परिपत्रक लागत नाही, आणि वरच्या साहेबांची परवानगीही लागत नाही.