रिकामे बसण्याविषयी

आळस हा शत्रू, असे आपण शाळेपासून घोकतो. मला त्याविषयी शंका आली ती सुरतेत. खानदेशातून गेलेले माझे मामा उधन्याला यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. धागा तुटला की माग थांबतो. म्हणून नजर हलवायची सोय नाही. सुटीच्या दिवशी ते ओट्यावर नुसते बसून असतात. "मामा, काही वाचत तरी जा," असे मी एकदा म्हणालो, याची आज लाज वाटते. मन धाग्यावरून खाली उतरायलाही वेळ लागतोच की! (आम्ही विद्यार्थी वाचनालयात बसून काय वाचतो, ते न विचारलेले बरे.) शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतकर घारी घेऊन रस्त्याकडेला निवांत बसतात. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही. गेल्या वर्षी त्या रात्री मामांची पाळी होती.