काळा पट्टा, पिकलेले केस आणि 'मास्टर' ही पदवी

१/ "नवव्या वर्षी ब्लॅक बेल्ट!" असा फलक एका बाजूला आणि "चाळिशीच्या आत कोणी मास्टर होऊच शकत नाही" हा ज्येष्ठांचा दंडक दुसऱ्या बाजूला. दोन्ही पक्ष एकच साक्षीदार उभा करतात : 'हजारो वर्षांची परंपरा'. हा साक्षीदार मुळात खोटा आहे. तो कसा, ते पाहू. #थ्रेड

२/ जपानच्या जुन्या युद्धविद्या 'र्यू' म्हणजे घराण्यांतून शिकवल्या जात. तेथे पट्टे नव्हते, 'डॅन' नव्हते. शिष्याची प्रगती पाहून गुरू टप्प्याटप्प्याने लेखी परवाने देई. त्यांतील अखेरचा 'मेन्क्यो काइदेन', अर्थात सर्व विद्या सुपूर्द केल्याचा दाखला. तो कोणत्या वयात द्यावा, याचे देशभर लागू असे कोणतेही कोष्टक नव्हते. एका गुरूचा एका शिष्याविषयीचा तो निर्णय असे.

३/ मग 'डॅन' आले कोठून? आखाड्यातून नव्हे, पटावरून! 'गो' या बैठ्या खेळात खेळाडूंची बलाबलानुसार श्रेणी लावण्याची पद्धत होती. सतराव्या शतकातील थोर खेळाडू होनइनबो दोसाकू यांना तिचे श्रेय दिले जाते. युद्धविद्येत ही पद्धत आणली ती ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी.

४/ आता वयाचा हिशेब मांडू. कानो यांचा जन्म १८६० चा. मे १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत त्यांनी 'कोदोकान' सुरू केले, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. १८८३ मध्ये त्यांनी पहिले डॅन दिले ते तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो यांना. साइगो तेव्हा १७ वर्षांचे होते.

५/ आणखी एक तपशील. त्याच १८८३ साली खुद्द कानो यांना कितो-र्यू घराण्याचा परवाना मिळाला. म्हणजे ज्या श्रेणीव्यवस्थेचा आधार घेऊन आज तरुणांना 'अजून वय झाले नाही' असे सुनावले जाते, ती बाविशीतल्या एका शिष्याने सतरा वर्षांच्या मुलाला मान देऊन सुरू केली.

६/ 'पांढरा पट्टा न धुता वर्षानुवर्षे वापरला की घामामातीने काळा होतो आणि तोच खरा ब्लॅक बेल्ट' ही आख्यायिका रम्य आहे, पण खरी नाही. कोदोकानमध्ये डॅनधारकांनी काळा पट्टा बांधण्याची रीत १८८६ च्या सुमारास हेतुतः सुरू झाली. मधल्या रंगीत पट्ट्यांची मालिका तर विसाव्या शतकात युरोपातील ज्यूदो क्लबांमध्ये रूढ झाली.

७/ कराटेची कथाही तशीच. ओकिनावात डॅन नव्हते. फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये टोकियोला आले आणि १९२४ मध्ये त्यांनी काही शिष्यांना पहिले डॅन दिले. त्या वेळी खुद्द फुनाकोशींना कराटेचे डॅन देऊ शकेल अशी संस्थाच अस्तित्वात नव्हती. 'हजारो वर्षां'ची ही परंपरा शंभरीच्या आसपासची आहे.

८/ यावर ज्येष्ठांचा आक्षेप ठरलेला : मग वयाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो नेमका कोणता, हे केंदोकडे पाहून समजते. तेथे आठव्या डॅनच्या परीक्षेला बसण्यासाठी वय किमान ४६ आणि सातवे डॅन मिळून दहा वर्षे झालेली असावी लागतात. उत्तीर्ण होतात शंभरात सुमारे एक जण.

९/ हे प्रमाण नीट वाचावे. छेचाळिशी सगळेच गाठतात. वयाने परीक्षागृहाचे दार उघडते, निकाल लागत नाही. त्या पदवीला वजन आहे ते उरलेल्या नव्व्याण्णवांना निःसंकोच 'नाही' म्हटले जाते म्हणून. जो कधीच कोणाला नापास करत नाही, त्याच्या प्रमाणपत्राचे मोल त्याच्या शुल्काइतकेच.

१०/ नऊ वर्षांच्या ब्लॅक बेल्टचे उत्तरही येथेच आहे. तायक्वांदोची जागतिक संस्था कुक्किवोन पंधरा वर्षांखालील मुलांना डॅन देतच नाही. त्यांच्यासाठी 'पूम' ही वेगळी श्रेणी आहे. बालकाचे कौतुक जरूर व्हावे, पण कौतुक आणि पदवी यांत फरक असतो, हे ती संस्था स्वतःच मान्य करते.

११/ तथापि प्रत्येक नकार पवित्र नसतो. केइको फुकुदा यांचे उदाहरण पाहावे. कानो यांच्या पहिल्या जुजुत्सू गुरूंची, फुकुदा हाचिनोसुके यांची ही नात. जन्म १९१३. कानो यांनी स्वतः तिला ज्यूदो शिकण्यास बोलावले. १९५३ मध्ये पाचवे डॅन मिळाले आणि तेथेच वाट अडली : स्त्रियांना पाचव्यापुढे बढती नाही, असा कोदोकानचा नियम होता.

१२/ सहावे डॅन मिळाले १९७२ मध्ये, नियमाविरुद्ध झालेल्या पत्रमोहिमेनंतर. मधली एकोणीस वर्षे त्या शिकवत होत्या. २००६ मध्ये कोदोकानने त्यांना नववे डॅन दिले. दहावे मिळाले २०११ मध्ये, अमेरिकी ज्यूदो संघटनेकडून, वयाच्या ९८ व्या वर्षी. ज्या विलंबाला संस्था 'परिपक्वतेची प्रतीक्षा' म्हणतात, तो पुष्कळदा असा दिसतो.

१३/ मराठी वाचकाला याची तुलना करण्यास दूर जावे लागत नाही. महाराष्ट्र केसरीची गदा कुस्ती जिंकूनच मिळते. जन्मदाखला किंवा पावती दाखवून मिळत नाही. आणि वय आड येते म्हणावे, तर १९२८ मध्ये पतियाळ्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरील गामा पैलवानाने झ्बिश्को याला एका मिनिटाच्या आत चीत केले होते.

१४/ मात्र गदा जिंकणारा प्रत्येक मल्ल वस्ताद होत नाही, हेही तालमीला ठाऊक असते. वस्तादाची ओळख त्याने घडवलेल्या पठ्ठ्यांवरून होते. जपानी 'सेन्सेई' या शब्दाचा अक्षरशः अर्थ 'आधी जन्मलेला'. पण आधी जन्मणे ही काही कमाई नव्हे. आधी शिकणे आणि ते दुसऱ्याच्या अंगी उतरवणे, ही कमाई.

१५/ म्हणून कोणी नावाआधी 'ग्रँडमास्टर' लावले, की वय विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. पदवी कोणी दिली? कोणत्या कसोटीवर दिली? त्या कसोटीत नापास कोण झाले, आणि कशामुळे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर पदवी विकली गेली. उत्तर 'जन्म' किंवा 'लिंग' असेल, तर ती अडवली गेली. उत्तर 'कौशल्य' असेल, तर पदवीधर सतरा वर्षांचा असो वा सत्तर, त्याला नमस्कार करावा.

थ्रेड समाप्त.