वाड्यांपलीकडचे पुणे

वारसा-फेरीची प्रथा पुण्यात आता चांगलीच रुजली आहे. आपले शहर पायी हिंडून समजून घ्यावे असे तरुणांना वाटू लागले, ही समाधानाचीच बाब म्हटली पाहिजे. परंतु अनेक फेऱ्यांचा मार्ग ठरून गेलेला असतो : शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा. म्हणजे सत्ताधीशांची निवासस्थाने आणि देवस्थाने. ज्यांच्या श्रमांवर हे वैभव उभे राहिले, त्यांची वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर. पण फेरी तिकडे सहसा वळत नाही.

कसबा पेठेतील तांबट आळीचेच पाहा. घंगाळे, हंडे, बंब पुण्याच्या घराघरांत गेले ते येथून. भांड्याला आकार आला की त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जायचे, याला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला झळाळी तर येतेच, शिवाय ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि भांडे सहजी पोचत नाही. पुढे स्टेनलेस स्टील आले, गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आज दिवाणखान्याच्या शोभेसाठी तांब्याचे घंगाळ हौसेने विकत घेणाऱ्या कुटुंबाला ही आळी कोठे आहे, हे ठाऊक नसते!

पाण्याची कथा याहून गंभीर आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळाने, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. वाटेत उच्छ्वास बांधले, पेठांतून हौद बांधले. मार्गदर्शक हे अभिमानाने सांगतात आणि तो अभिमान रास्तच आहे. मात्र हौदांचे हे पाणी सर्वांसाठी नव्हते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. पेशव्यांच्या हौदापासून जोतीरावांच्या हौदापर्यंत चालत जाता येते. हे दोन्ही हौद एकाच फेरीत का असू नयेत? अशाने लोकांच्या उत्साहावर विरजण पडेल, अशी शंका काही मंडळी घेतात. आम्हांस ती पटत नाही. स्वसमाजाचा दोष आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकण्याइतका आपला समाज खचितच प्रौढ आहे.

दिरंगाईला आता फारसा वाव नाही. १८४८ मध्ये मुलींची शाळा जेथे भरली, तो भिडेवाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात ज्यांनी भरल्या घरातून नेसत्या वस्त्रांनिशी पळ काढला, ते त्या वेळचे तरुण आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना बोलते करण्याचे काम पेठेतील गणेशोत्सव मंडळांइतके सहजपणे दुसरे कोण करू शकेल? जुनी घरे त्यांना ठाऊक, माणसेही ठाऊक. मंडळांनी फेरी आखावी, आळीतील कारागिराला मार्गदर्शक म्हणून सन्मानाने बोलवावे, त्याचे मानधन आधी बाजूला काढून ठेवावे. आणि फेरीत पंधरा-वीस माणसेच घ्यावीत; हातोडीचे काम चालू असताना मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही.