दांडी आणि खाडा

'दांडी मारणे' हा माझा आवडता शब्द. नुसते गैरहजर राहणे म्हणजे दांडी नव्हे, त्यात चोरटी मजा हवी. १९३० साली गांधीजी दांडीला गेले ते कायदा उघडपणे मोडायला. आमची पोरे दांडी मारीत ती लपूनछपून! (तो धडा आला की वर्गात हमखास हशा.) भातलावणीला घरी राहिलेल्या मुलाचा मात्र खाडा होतो, दांडी नव्हे. हजेरीपटात दोघांना खूण एकच. अशा एकाला मी 'दांडीबहाद्दर' म्हणून वर्गाबाहेर उभे केले होते. चिखलपाण्याने पांढरी पडलेली त्याची बोटे नंतर दिसली. आता कामवाल्या बाई आल्या नाहीत की घरात सगळे म्हणतात, "मारली दांडी!" मी तेवढे दुरुस्त करतो.