पिष्टान्नत्याग : पथ्य की आहार ?

पाव, बटाटे व साखर वर्ज्य करून देह सडपातळ करावा, हा उपदेश नवा नव्हे. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली स्वानुभवाची पुस्तिका काढून तो लोकप्रिय केला. अशा आहाराने आरंभी वजन झपाट्याने उतरते हे खरे. परंतु यकृत व स्नायू यांतील शर्करेचा साठा संपताना त्यासवे पाणीही जाते, हे सहसा सांगितले जात नाही. काही महिन्यांच्या अनुभवावरून आयुष्यभराची ग्वाही देणे मला अनुचित वाटते.

अमेरिकेतील १५,४२८ प्रौढांच्या सुमारे २५ वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्मी किंवा किंचित अधिक ऊर्जा कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी आढळला. ४० टक्क्यांहून कमी व ७० टक्क्यांहून अधिक घेणाऱ्यांत तो वाढलेला होता. कर्बोदकांच्या जागी मांस आले की धोका अधिक, भाज्या व कठीण कवचाची फळे आली की कमी. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तरी काय सोडले याइतकेच त्याऐवजी काय खाल्ले हे विचारणे त्यामुळे भाग पडते.

इंग्रजीत पथ्य आणि आहार या दोहोंस एकच शब्द चालतो, आणि अनुवादकाची तारांबळ उडते ! मधुमेह्याने वैद्याच्या देखरेखीखाली पाळलेले पथ्य मला मान्य आहे. शाळकरी मुलांच्या ताटातील अन्न मात्र या आधारावर कोणी काढू नये. वरील निरीक्षणातील माणसे आरंभी ४५ ते ६४ वर्षांची होती.